चवलीचा फोटो

नाण्याचा फोटो काढायला ज्यांना स्टुडिओ लागतो त्यांच्याकडे डोकं नसतं, असं प्रेमराजचं ठाम मत होतं. हे मत त्याने जळगावच्या आपल्या ऑफिसात चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं. धुळ्याच्या नाणी जमवणाऱ्यांच्या एका मंडळाने स्पर्धा ठेवली होती: जुनं नाणं, घरच्या घरी, मोबाइलवर काढलेला फोटो. मुदत शनिवार संध्याकाळपर्यंत. बक्षीस आलंच म्हणून समजा, असं प्रेमराजने जाहीर करून टाकलं. साहेबांनी विचारलं, नाणं कोणतं? तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे नाणंच नाही!

म्हणजे तसं घरात एक होतं. देवघरातल्या करंड्यात चांदीची एक चवली होती. विलायती राणीचं तोंड असलेली, दोन आण्यांची, कोटाच्या बटणाएवढी. पण ती प्रेमराजची नव्हती. त्याच्या बायकोचीही, दिपमालाचीही नव्हती. ती होती सासूबाईंची, तानुबाईंची. श्रावणातल्या रविवारी घरात खानदेशची देवी कानबाई नारळाच्या रूपात बसते तेव्हा चौरंगावर, नारळासमोर ही चवली ठेवायची, अशी त्यांच्या घरची रीत. चवली नाही तर कानबाई नाही. पारोळ्याजवळच्या गावातलं त्यांचं घर यंदा प्लास्टरला काढलेलं, म्हणून त्यांनी ती लेकीकडे जपायला दिली होती. दिपमालाने नवऱ्याला बजावलं होतं, की बाकी घरात हवा तो गोंधळ घाला, त्या करंड्याला हात लावायचा नाही. आता काम उरकलं होतं; शनिवारी तिचे आईवडील येऊन चवली घेऊन जाणार होते आणि रविवारी गावी कानबाई बसायची होती.

शनिवारी सकाळी दिपमाला माहेरच्या माणसांसाठी वरण-बट्टीच्या तयारीला लागली, आणि प्रेमराजने चवली उचलली.

बेडरूममध्ये स्टुडिओ थाटला. यावलच्या केळ्यांचं रिकामं खोकं घेतलं, दोन्ही बाजू कापून तिथे बटर पेपर चिकटवला, बाहेरून दोन टेबल लॅम्प लावले. स्टीलचे डबे एकावर एक रचून वर मोबाइल आडवा ठेवला. कागद फडफडतो म्हणून पंखा बंद. उजेड येतो म्हणून खिडक्या बंद. पहिल्या फोटोत चवलीपेक्षा प्रेमराजची सावलीच जास्त आली. दुसऱ्यात चवली इतकी चकाकली, की नाणं आहे की टिकली तेच कळेना. तिसऱ्यात सगळं आलं, फक्त राणीचं नाक गेलं.

नाणं किंचित तिरपं केलं की चकाकी जाते, असं इंटरनेटवर लिहिलेलं होतं. तिरपं ठेवायला खाली मऊ मातीचा गोळा लावा म्हणे. आता जळगावातल्या तिसऱ्या मजल्यावर मऊ माती कुठून आणायची? प्रेमराज पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. परातीत बट्टीची भरड कणीक मळून तयार होती. दिपमालाची पाठ फिरताच त्याने एक गोळा लांबवला. कणकेत चवली अशी ऐटीत टेकली, की काय सांगावं! फोटो निघाला. राणीच्या डोक्यावरचा केसन् केस दिसत होता. प्रेमराज स्वतःच स्वतःला वा म्हणाला.

तेवढ्यात बाहेर सासऱ्यांचा आवाज आला. वनाआबांना पुढच्या खोलीत बसून राहायची सवयच नव्हती. आले की सगळं घर फिरून बघायचं, नळ सोडून बघायचे, मग टेकायचं. पावलं थेट बेडरूमकडे आली. त्याने घाईघाईने चवली कणकेत दाबली, वरून कणीक ओढली आणि दोन्ही तळव्यांत गोल वळून टाकली. दार उघडलं. बंद खोलीत, दोन दिव्यांपुढे, घामाने निथळणारा जावई हातात पिठाचा गोळा घेऊन बसलेला!

"काय करी ऱ्हायनात, पाव्हणा?"

"बट्टी," प्रेमराज म्हणाला.

लेकीला घरकामात मदत करणारा जावई बघून आबांना भरून आलं. प्रेमराजने गोळा खोक्यावर ठेवला आणि त्यांना चहाला बाहेर नेलं. चहा झाला, कपाशीवरची फवारणी झाली, गावातल्या भांडणांची उजळणी झाली. सुटका होताच तो खोलीत धावला. खोकं होतं. दिवे होते. गोळा नव्हता.

तो गोळा बट्ट्या भाजायच्या तंदुरात गेला होता. पीठ काय फुकट येतं का, खोलीत गोळे टाकून ठेवता, असं दिपमालाने वर त्यालाच सुनावलं. तंदुरात सगळ्या बट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या भाजत होत्या. बायकोला खरं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर तिच्यामागे तानुबाई उभ्या. जेवणं झाली की चवली पदराला बांधून दे, असं त्या लेकीला सांगत होत्या. प्रेमराजने तोंड मिटलं. आता जेवणं उरकायच्या आत चवली सापडायला हवी होती!

पहिलं ताट जावयाचं. प्रेमराजने बट्टी कुस्करली, चाचपली. नाही. त्यावर वरण पडलं, तूप पडलं, मग ती खाणं भाग आलं. दुसरी कुस्करली. नाही. तीही गिळली. पुढची हाताशी यावी म्हणून तो चावायच्या भानगडीतच पडत नव्हता. मग त्याची नजर आबांच्या ताटाकडे गेली. "आणा आबा, मी कुस्करून देतो," असं म्हणून त्याने त्यांची बट्टी ओढलीसुद्धा. जावई सासऱ्याला बट्टी कुस्करून देतोय, हे आबांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले. त्यानंतर प्रेमराजने सासूबाईंच्या कुस्करल्या, दिपमालाची कुस्करली आणि पुन्हा स्वतःला वाढून घेतलं. तानुबाई इतका वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी लेकीकडे वळून हळूच विचारलं, "पोरी, तू यासले जेवाले देत नहीं का?"

दिपमालाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तंदूर रिकामा झाला होता. दोन बट्ट्या तेवढ्या शेजारच्या कुंदाबाईंकडे दिल्यात, असं कळताच प्रेमराज खरकट्या हाताने उठला. कुंदाबाई नुकत्याच ताटावर बसल्या होत्या. त्याने त्यांच्या ताटात हात घालून दोन्ही बट्ट्यांचा भुगा केला, दातांना त्रास नको म्हणून, असं सांगितलं आणि परत निघाला. कुंदाबाई घास हातात धरून दाराकडे बघत राहिल्या.

तिथेही चवली नव्हती. घरी आला तर तानुबाई देवघरासमोर बसलेल्या, हातात उघडा करंडा. आता तपासायचं एकच ठिकाण उरलं होतं, आणि त्यावर प्रेमराज दोन्ही हात ठेवून उभा होता.

त्याने सगळं सांगितलं. दिपमाला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो पांढऱ्या उजेडाच्या पेटीवर लावला. चवली अगदी गोल, स्वच्छ आली होती. सावली नाही, चकाकी नाही! आपल्याच पोटातल्या नाण्याचं क्षणभर त्याला कौतुकही वाटलं, मग दिपमालाची नजर दिसली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, दोन-चार दिवसांत आपोआप बाहेर येईल, केळी खा. स्पर्धेची मुदत त्याच संध्याकाळी संपली, पण ते आठवायला त्याचं चित्त ठिकाणावर कुठे होतं!

दोन-चार दिवस, आणि कानबाई तर उद्या. परतताना रिक्षात तानुबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. ती चवली त्यांच्या सासूने त्यांच्या ओंजळीत ठेवली होती, आणि तेव्हापासून एकही श्रावण चुकला नव्हता. प्रेमराजला खरोखर स्वतःची लाज वाटली. "अक्का, चुकलं माझं," तो सासूबाईंना म्हणाला.

"चवली पोटमाच शे ना?" तानुबाईंनी विचारलं.

"हो, अक्का."

"डॉक्टरनी देखी ना?"

"देखी."

"मंग व्हयनं. पाव्हणाले चौरंगजोडे बसाडूत."

रविवारी सासुरवाडीला प्रेमराज नवा शर्ट घालून कानबाईच्या चौरंगाला चिकटून पाटावर बसला. बसला कसला, बसवला! येणाऱ्या बाया कानबाईला हळदकुंकू वाहायच्या आणि बोटाला उरलेलं त्याच्या कपाळावर पुसायच्या. म्हाताऱ्या आधी नारळाला हात जोडायच्या, मग याच्या पोटाला. पाटावरून उठायचं तर आबांना विचारून, आणि आबाही सोबत यायचे. सकाळपासून पोटात केळ्यांशिवाय काही नव्हतं. गाणी झाली, आरती झाली, आणि प्रसादाच्या रोटांची ताटं आली. वर खीर, त्यावर तूप. वासानेच प्रेमराज कासावीस झाला. ताट समोरून जाऊ लागलं तसा त्याने हात पुढे केला.

तानुबाईंनी ताट मागे घेतलं. कानबाईचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. लेकीजावयाला ते चालत नाहीत.

"पण अक्का, सकाळपासून मी कानबाईजवळच बसलोय."

"चवली घरनी शे, पाव्हणा. तुम्ही नहीत," तानुबाई म्हणाल्या, आणि त्याच्यापुढे आणखी एक केळं ठेवून ताट घेऊन पुढे गेल्या.