भुवयांचा कायमचा बंदोबस्त

रूपाच्या दोन भुवया एकमेकींना सोडून एक दिवसही राहिल्या नव्हत्या. डाव्या कानापासून निघालेली भुवई नाकावरून थेट उजव्या कानाकडे जायची, मध्ये थांबा नाही. त्यामुळे रूपा कितीही खुशीत असली तरी लोकांना ती भांडायलाच आली आहे असं वाटायचं. वाण्याकडे साखर मागितली की तो आधीच घाबरून विचारायचा, "मागच्या वेळी वजनात कमी भरली का ताई?"

आजवर यामुळे तिचं काहीच अडलं नव्हतं. उलट रिक्षात कडेची जागा आपोआप मिळायची! पण यंदा धुळ्याच्या देवपुरातल्या तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन नववीतल्या रूपाला मिळालं, आणि शनिवारच्या तालमीत भदाणे मॅडमनी कपाळाला हात लावला.

"रूपा, आवाज झकास आहे गं तुझा. पण तू 'सुस्वागतम्' म्हणतेस आणि मला वाटतं, आता ही कोणाला तरी मारते. मंगळवारी चेहरा हसरा दिसला नाही ना, तर माईक जितेंद्रच्या हातात देईन."

जितेंद्र दहावीत होता. माईकमध्ये फुंकर मारून 'हॅलो, चेक, चेक' यापलीकडे त्याची मजल जात नव्हती. पण हसरा होता मेला!

पार्लरचं नाव काढायची सोय नव्हती. "बारावीपर्यंत भुवयांकडे नाही, पुस्तकाकडे बघ," हा आईचा कायदा. पण रविवारी सगळे चोपड्याला काकांच्या, म्हणजे लोटन नानांच्या केळीच्या बागेत भरीत खायला गेले, आणि तिथे दिपाताई होती. दिपाताई म्हणजे नानांची मुलगी दिपमाला. ती तीन महिन्यांचा ब्यूटीचा कोर्स करत होती. त्यातला दीड महिना झाला होता, म्हणजे निम्मी तज्ज्ञ.

"मला कायमचा बंदोबस्त हवाय," रूपाने सांगून टाकलं.

"थ्रेडिंग केलंस तर पंधरा दिवसांत केस परत हजर," दिपाताई डॉक्टरांसारखी बोलायला लागली. "लेझरला सहा-सात वेळा जावं लागतं, दर वेळी मध्ये महिनाभर सोडून."

"अगं, माझं संमेलन परवा आहे!"

"मग इलेक्ट्रोलिसिस. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची आणि करंट सोडायचा. केस खल्लास."

तिकडे वांगी भाजत बसलेल्या नानांनी मान वर केली. "करंट? अन मधमाच लाइट गई त? निम्मी भुवई इकडे, निम्मी तिकडे!"

बोलता बोलता नानांनी वांगं पालटायला हात पुढे केला आणि दिपाताई एकदम ताठ झाली. तिने रूपाला ओढत चार झाडं लांब नेलं.

"नानांचे हात पाहिलेस? एक केस आहे का त्यावर?"

खरंच नव्हता! कोपरापर्यंत हात गुळगुळीत.

"चाळीस वर्षं केळीच्या चिकात आहेत ते हात. आता बोल!"

विज्ञानाचा एवढा मोठा शोध आपल्या कपाळावर लागतोय, या विचाराने रूपाला भरूनच आलं होतं. दिपाताईने विळ्याने केळीचा दांडा कापला. चीक टपटप वाटीत पडला, अगदी पाण्यासारखा स्वच्छ. म्हणून तर कोणाला संशय आला नाही! तिने तो काडीने दोन भुवयांच्या मध्ये लावला, वर कापडाची पट्टी दाबली, दहा मिनिटं थांबली आणि पट्टी खस्सकन ओढली.

रूपाच्या किंकाळीने पाटावरचे बगळे उडाले. दोघींनी पट्टी उजेडात धरली. त्यावर मोजून दोन केस होते.

"पहिल्या हाताला एवढंच निघतं," दिपाताई म्हणाली, आणि तिने आणखी तीन हात दिले.

धुळ्याला परतताना आईने विचारलं, "कपाळाला चॉकलेट लागलंय का गं?" सोमवारी सकाळी ते चॉकलेट काळंकुट्ट झालं होतं. केस जागच्या जागी, खालची कातडीही काळी, आणि भुवई आधीपेक्षा दुप्पट रुंद! रूपाने घाईघाईने नानांना फोन लावला.

"चीक लावना?" नाना फोनवर ओरडले. "अवं पोरी, तो डाग सदरावर पडना त सदरा फाटी जास, पन डाग जात नही!"

"पण नाना, तुमच्या हातावरचे केस..."

"ते त जलमपासूनच नहीत! मन्हा बापले बी नव्हतात!"

मग घरात धुमश्चक्री उडाली. आईने लिंबू चोळलं, खोबरेल चोळलं, टूथपेस्ट चोळली. शेवटी भांड्यांची घासणी घेऊन आली तेव्हा रूपा बाथरूममध्ये कडी लावून बसली. मंगळवारी दुपारपर्यंत डागाचा रंग तसूभरही उतरला नाही, मात्र भोवतालचं कपाळ लालभडक झालं.

"आता झाकायचं, दुसरं काय," म्हणून आईने ओलं कुंकू कालवलं. डाग झाकेना म्हणून कुंकू वाढत गेलं, वाढत वाढत वाटीच्या तळाएवढं झालं. त्याखाली हिरवी नऊवारी, आणि सतत तोंड धुऊन भिजलेले, म्हणून मोकळे सोडलेले केस.

"हसू नकोस, पोपडे पडतील," आईने बजावलं. आता करा सूत्रसंचालन!

विंगेत भदाणे मॅडमनी तिला पाहिलं आणि "जितेंद्र!" अशी हाक मारायला तोंड उघडलं, तोच पडदा वर गेला.

सभागृहात नुसता बाजार भरला होता. मागची मुलं शिट्ट्या मारत होती. रूपा माईकपाशी गेली, तोंडावरची एकही रेषा न हलवता तिने समोर पाहिलं, आणि सगळं सभागृह गपकन शांत झालं. पहिल्या रांगेतल्या सुगंधाबाई, कोणातरी विद्यार्थ्याची आजी, हात जोडून उभ्याच राहिल्या.

"माय, मन्हा नातू यंदा पास व्हई ना वं?"

रूपाला हसायची तर चोरी! "अभ्यास केला तर होईल," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

"व्हई, व्हई!" सुगंधाबाईंनी तिथूनच डोकं टेकवलं. शेजारच्या दोघींनीही टेकवलं. त्यानंतर तीन तास कोणी शिट्टी वाजवली नाही. भदाणे मॅडम जितेंद्रला विसरूनच गेल्या.

शेवटी प्रमुख पाहुण्यांनी बक्षिसांची चिठ्ठी रूपाकडे दिली. तिने वाचली, "उत्कृष्ट अभिनय, प्रथम क्रमांक. देवीची भूमिका करणारी विद्यार्थिनी."

रूपाने कार्यक्रमपत्रिका वरपासून खालपर्यंत पाहिली. एकाही नाटकात देवी नव्हती. तिने विंगेत पाहिलं, तर मॅडम बोटाने तिच्याकडेच खूण करत होत्या.

"कुमारी रूपा," तिने माईकमध्ये पुकारलं. मग माईक ठेवला, चार पावलं चालून पाहुण्यांकडून ढाल घेतली, वाकून नमस्कार केला, चार पावलं परत आली, आणि तसूभरही न हसता म्हणाली, "टाळ्या!"