सत्यशीलेचा लाल रस्सा

हिरव्या रसाचा पेला आप्पासाहेबांनी दाराच्या उजेडात धरला, हलवून बघितला, नाकाशी नेला आणि सुनेला विचारलं, "हे कुठल्या पिकावर मारायचं?"

"मामा, पिकावर न्हाई, प्यायचंय. पालक, काकडी, दुधी अन् वाईच आलं हाय त्याच्यात."

"मंग आधी सुनीलला पाज. त्यो नीट ऱ्हायला, तर मी बघतो."

सत्यशीलेनं मागं वळून पाहिलं. तिचा नवरा सुनील एवढ्यात चपला घालून मोटरसायकलला किक मारत होता. "दुकान उघडायचंय, गिऱ्हाईक उभं असंल," एवढं ओरडून तो गेलासुद्धा. सोनईतलं त्याचं खता-बियाण्यांचं दुकान नऊला उघडायचं आणि आत्ता साडेसात झाले होते. लेक दिशा सातवीत होती. तिनं पेला तोंडाला लावल्यासारखं केलं आणि सरळ मोरीत ओतला.

या सगळ्याला कारण झालं होतं गावातलं आरोग्य शिबिर. मारुतीच्या देवळासमोर मांडव घालून डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त तपासलं. आप्पासाहेबांची साखर वाढलेली निघाली, सुनीलच्या रक्तात चरबी निघाली आणि दिशाचं रक्तच कमी निघालं. सासूबाई छबूबाई आणि सत्यशीला या दोघींचे तेवढे कागद चांगले आले. "पालेभाज्या, फळभाज्या खा," असं डॉक्टरांनी तिघांच्याही कागदावर लिहून दिलं. पण या घरातल्या माणसांना बटाटा आणि वांगं सोडून भाजी अशी ठाऊकच नव्हती. "पाला जनावरांनी खायचा, मानसानं जनावराचं दूध प्यायचं," हे आप्पासाहेबांचं म्हणणं, आणि त्यावर त्यांनी सहासष्ट वर्षं काढली होती.

सत्यशीलेला तिच्या नगरच्या भावानं भाऊबीजेला उंच काचेच्या भांड्याचा ब्लेंडर दिला होता. सोबत पाककृतींचं पुस्तकही होतं. त्यातली अर्धी फळं सोनईच्या बाजारात कुणी ऐकलेली नव्हती, म्हणून तिनं आपल्या हातानं हिरवा रस रचला. चार दिवस केला. चारही दिवस तो शेवटी म्हशीच्या घमेल्यात गेला. म्हैस मात्र चौथ्या दिवशी ब्लेंडरचा आवाज ऐकून दावं ताणायला लागली.

दुसरी कुणी असती, तर तिनं ते यंत्र फडताळावर टाकून दिलं असतं. पण सत्यशीलेला लहानपणापासून खोड होती, एखादी गोष्ट का होत नाही हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ती विचार करत बसली. ही माणसं भाजीला नाही म्हणतात, की भाजी दिसते म्हणून नाही म्हणतात? हे एकदा बघायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पिठल्यात अर्धा दुधी वाटून गेला. कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठात भोपळा गेला. "आज भाकरी मऊ हाय," एवढंच आप्पासाहेब म्हणाले. सत्यशीलेची भीड चेपली. मग तिच्या हाताला बीट लागलं.

शेवभाजीचा रस्सा ती नेहमीप्रमाणे काळ्या मसाल्यात करायची आणि गॅस बंद करताना वाटलेलं बीट त्यात ढवळायची, जास्त शिजून सत्त्व जायला नको म्हणून. बिटाचा गोडवा मारायला मिरची वाढवली आणि चिंच टाकली. रश्श्याला असा काही रंग आला, की सुनील ताटावरून उठेचना. "काय तर्री आलीय! ढाब्यावर बी असा कलर न्हाई मिळत."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. सासऱ्यांनी स्वयंपाकाला कधी बरं म्हटलं नव्हतं. तेही मिशा पुसत म्हणाले, "पोरी, हात बसला बरं तुजा."

मग काय, एका बिटाची दोन झाली, दोनाची पाच झाली. रस्सा कधी शेवेचा, कधी मटकीचा, पण लाल. आठवड्यातून पाच दिवस.

अशात एका सोमवारी घराची तऱ्हाच बदलली.

आप्पासाहेब सकाळी शेताकडून आले ते थेट ओट्यावर बसले. तंबाखूची चंची काढली, तिच्याकडं बघत राहिले आणि उठून ती चुलीत टाकली. सत्यशीला बघतच राहिली. चहा आला तर म्हणाले, "साखर नको."

"थोडीबी न्हाई?"

"आता कशाला साखर," असं म्हणून त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "लई केलंस पोरी आमचं."

संध्याकाळी सुनील दुकानातून वडापाव न खाता घरी आला. तांब्याभर पाणी प्यायला, परत तांब्याभर प्यायला. मग दिशाला जवळ घेऊन तिचा अभ्यास घेतला. गणित त्यालाच येत नव्हतं, तरी घेतला.

"आई," दिशानं स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "आजोबा अन् पप्पा शहाण्यासारखे का वागायला लागलेत?"

तेच सत्यशीलेला कळत नव्हतं. शुक्रवारी तर कहर झाला. घ्यायचं-विकायचं काही नसलं तरी घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला आप्पासाहेब कधी चुकले नव्हते. त्या आठवड्यात ते म्हणाले, "जातो कशाला? आता म्हैस घेऊन कुनासाठी ठिवायची?" आणि घरीच राहिले. जेवण दोघांचंही अर्ध्यावर आलं होतं. लाल रस्सा तेवढा आप्पासाहेब मागून घ्यायचे. "वाढ, वाढ. खाऊन घेतो," असं म्हणताना त्यांचा आवाज जड व्हायचा. सत्यशीलेला वाटायचं, मिरची जास्त झाली असावी.

तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, मामांना काय झालंय?"

सुनील दचकला. "त्यांना? त्यांना काय झालंय?"

"मंग तुमाला काय झालंय?"

"मला काय व्हायचंय?" म्हणून तो भिंतीकडं तोंड करून पडला.

सासूबाईंना विचारावं तर त्या शेंगा फोडत बसलेल्या. "पुरुषाची जात हाय. येतं कधीमधी अंगात," म्हणाल्या आणि एक दाणा तोंडात टाकला.

शनिवारी सत्यशीला धुणं वाळत घालत होती, तर सासरे कोयता घेऊन बांधाकडं निघालेले. तिचा जीव खाली-वर झाला. बांधापलीकडं त्यांचा धाकटा भाऊ श्रीमंत राहायचा. उसाची ट्रॉली आपल्या शेतातून न्यायची नाही म्हणून आप्पासाहेबांनी नऊ वर्षांपूर्वी वाटेवर बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. श्रीमंत गावभर सांगायचा, "त्यो माजा भाऊच न्हाई. दवाखान्यात बदलला असंल." आप्पासाहेब घरातच जन्मले होते, तरी सांगायचा.

ती धावत गेली. आप्पासाहेब एकेक काटी ओढून बाजूला टाकत होते. हात रक्ताळले होते. पलीकडं श्रीमंत आणि त्याची बायको कडूबाई पुतळ्यासारखे उभे.

"श्रीमंता," आप्पासाहेब म्हणाले, "ने बाबा तुजी ट्रॉली. वर काय घेऊन जायचंय?"

"तुमची तब्येत बरी हाय ना, आप्पा?" एवढंच श्रीमंतनं विचारलं.

"उद्या जेवाया या दोघं. सूनबाईच्या हातचा रस्सा खाऊन बघा. परत योग येईल, न येईल."

रविवारी दोघं आले. नऊ वर्षांनी एका पंगतीला बसायचं म्हणून सत्यशीलेनं आठ बिटं वाटली. श्रीमंतनं रस्सा चार वेळा घेतला. जाताना भाऊ भावाच्या गळ्यात पडला, आणि छबूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

सोमवारी सकाळी मात्र श्रीमंत वाटेवरूनच ओरडत आला. मागं कडूबाई. "आप्पा! भाईर या! नऊ वर्सांचा दावा असा काडला व्हय? जेवाया बोलवून इख घातलं?"

आप्पासाहेब ओट्यावर आले. "कसलं इख? डोकं फिरलंय का तुजं?"

"माजी लगवी लाल झालीया! रगतावानी! काल तुमच्या घरचं खाल्लं, दुसरं काय बी खाल्लं न्हाई मी!"

आता हाणामारी होणार म्हणून सत्यशीला पुढं झाली. पण आप्पासाहेब रागावलेच नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. दोन्ही हातांनी त्यांनी भावाचे खांदे धरले.

"तुला बी? लाल?"

"तुला बी म्हंजी?"

"आठ दिस झाले, श्रीमंता! मी म्हणलं आपलं आटपलं आता. आतून काईतरी फुटलं. कुनाला सांगू? पोराला घोर लागला असता."

आतल्या खोलीचं दार उघडलं. सुनील टॉवेलवरच बाहेर आला. "आप्पा, मला बी," तो म्हणाला. "मी सत्यशीलेला सांगितलं न्हाई, ती घाबरंल म्हणून."

तिघं पुरुष एकमेकांकडं बघत उभे राहिले. आठ दिवस दोघं बाप-लेक एकाच छपराखाली एकच मरण वेगवेगळं मरत होते.

सत्यशीलेच्या मनात काहीतरी सरकलं. तिनं दबकत विचारलं, "काका, लाल म्हंजी कसं? कुंकवासारखं, का विटकरी?"

श्रीमंत विचारात पडला. "न्हाई... बिटावानी."

सत्यशीलेचा चेहराच पडला. ती आत गेली आणि ब्लेंडरचं भांडं घेऊन बाहेर आली. आज दुपारसाठी वाटलेली चार बिटं त्यात तयार होती. भांडं तिनं ओट्यावर ठेवलं. सगळे त्या रंगाकडं टक लावून बघत राहिले.

"रश्श्यात हे हुतं," ती म्हणाली. "पिठल्यात दुधी. भाकरीत भोपळा. मला माहीत न्हवतं असं हुतं म्हणून. मला अन् दिशाला काईच झालं न्हाई."

मग सुनील मटकन पायरीवर बसला आणि हसायला लागला.

तरी खात्री करायला सगळे श्रीमंतच्या जीपमधून सोनईला गेलेच. डॉक्टरांनी तिघांचीही लघवी तपासली आणि रक्ताचा थेंबही नसल्याचं सांगितलं. "बीट खाल्लं की काही जणांना असं होतं, सगळ्यांना नाही. कधीकधी घराण्यातच असतं. तुम्ही एकाच घराण्यातले का?"

श्रीमंत आणि आप्पासाहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. कडूबाईनं रस्सा तेवढाच खाल्ला होता आणि तिला काही झालं नव्हतं.

"सख्खे भाऊ," श्रीमंत पुटपुटला. ते त्याच्या तोंडून नऊ वर्षांनी निघालं होतं, आणि तेही डॉक्टरांसमोर, म्हणजे आता मागं घ्यायची सोय नव्हती.

आप्पासाहेबांची साखरही डॉक्टरांनी तिथंच बघितली. ती चांगलीच उतरली होती. "चहा बिनसाखरेचाच चालू ठेवा. तंबाखूला परत हात लावू नका. बीट कमी, दुधी जास्त. काय करताय ते करत राहा," डॉक्टर म्हणाले.

जीपमध्ये परतताना आप्पासाहेब पुढं बसले होते. एकाएकी त्यांनी मागं वळून छबूबाईंना विचारलं, "तू बी रोज खायाचीस. तुला न्हाई झालं?"

"मी कुठं तुमच्या घराण्यातली? मी परक्या घरची," छबूबाई म्हणाल्या. "अन् बिटाची सालपटं रोज म्हशीला मीच घालते की. शेण लाल पडलं, तवाच वळखलं म्या. तुमी लगवीला वढ्याकडं पळत जायला लागला, तवा तर पक्कंच झालं."

जीपमध्ये सगळे ताठ बसले. सत्यशीला सासूकडं बघतच राहिली.

"ठावं हुतं?" आप्पासाहेब ओरडले. "मी हितं मरनाच्या तयारीला लागलो, अन् तू शेंगा फोडीत बसली? सांगितलं का न्हाई?"

"सांगनारच हुते," छबूबाई शांतपणे म्हणाल्या. "पर पैल्या दिशी तंबाखू सुटली. म्हणलं, चहा झाल्यावर सांगू. मंग साखर सुटली. मंग तुमी काट्या काढाया निघाला. आता तवा कसं सांगायचं?"

श्रीमंत गाडी चालवता चालवता इतका हसला, की त्याला ती कडेला घ्यावी लागली. आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. घरी उतरल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. सत्यशीला घाबरत घाबरत पाण्याचा तांब्या घेऊन गेली. आता ब्लेंडर घराबाहेर जाणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

"मामा, चुकलं माजं. उद्यापासून जे करीन ते सांगून करीन. उद्या दुधी घालनार—"

"थांब!" आप्पासाहेबांनी हात वर केला. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सांगू नको. गावात चाळीस वर्सं सांगत आलोय, मी पाला खात न्हाई म्हणून. ठाऊक झालं, तर मला न्हाई म्हनावं लागंल. तू आपलं गपचिप वाटत जा."