भिवा तांडेलाचे पाच नारळ

लिफ्टमध्ये शिरलेला माणूस दाराकडे तोंड करून उभा राहतो. आमचा प्रभाकर मोंडकर माणसांकडे तोंड करून उभा राहतो. दाराला पाठ लावून घसा साफ करतो आणि म्हणतो, "मित्रहो, आपण आत्ता जिथून वर चाललोय, तिथे एके काळी नारळाच्या वाड्या होत्या." सातव्या मजल्यापर्यंत वाड्या तोडून होतात, अकराव्याला चाळी उभ्या राहतात, आणि चौदाव्यावर दार उघडलं की "प्रश्नोत्तरं उद्या" असं म्हणत तो पाठमोराच बाहेर पडतो. मी नवव्यावर राहतो. त्यामुळे गिरगावाचा इतिहास मला फक्त वाड्या तुटेपर्यंत ठाऊक आहे. आणि मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय.

प्रभ्या आणि मी याच जागेवरच्या जुन्या चाळीत वाढलो, एकाच बाकावर शिकलो. इतिहासात त्याला कधी चाळीसच्या वर मार्क पडले नाहीत. पुढे तो बिझनेस कन्सल्टंट झाला. म्हणजे काय करतोस, असं मी त्याला एकदा विचारलं. "कंपनीला जे ठाऊक असतं, ते त्यांना रंगीत चित्रांत काढून दाखवायचं," तो म्हणाला. "आणि पटलं नाही तर?" "पुढची स्लाइड."

हे "पुढची स्लाइड" त्याच्या तोंडात कायमचं बसलं. आमच्या मजल्यावरचे एक आजोबा वारले, तेव्हा हा त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं. पुढची स्लाइड." मुलगा रडायचा थांबला. काय ऐकलं ते त्याला कळेना.

मासळीबाजारात त्याने एका कोळणीला, "मावशी, तुमचा यूएसपी काय? दुसरीकडे मिळत नाही असं काय?" असं विचारलं होतं. ती म्हणाली, "घ्यायचा तं घे, नाय तं बाजू हो. मागं गिऱ्हाईक हाय." प्रभ्याने पापलेटं घेतली आणि मला वाटभर सांगत राहिला, की इतकं नेमकं उत्तर त्याला आयुष्यात एकाही मॅनेजिंग डायरेक्टरने दिलं नव्हतं. जुनी चाळ होती तेव्हा एका गणपतीत त्याने आरतीच्या ताटाचा अभ्यास केला. जिना हा बॉटलनेक आहे, असा निष्कर्ष काढून एकाऐवजी दोन ताटं फिरवली, एक खालून वर, एक वरून खाली. दोन्ही ताटं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर समोरासमोर आली. त्यांच्यामागे दोन्हीकडून माणसं. अर्धा तास कोणी वर जाईना, कोणी खाली येईना. कापूर मात्र जळत होता.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्याची बायको, नलूवहिनी, गेली. सहा महिने तो लिफ्टमध्येही बोलला नाही. मग त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मुंबईहून गोव्याला, कोचीला जाणाऱ्या क्रूझवर प्रवाशांना बंदरांचा इतिहास सांगायला माणूस हवा होता. सकाळी अकराला चाळीस मिनिटांचं भाषण. राहणं-जेवण फुकट.

"मास्तर," प्रभ्या मला म्हणाला, "मला इतिहासकार केलंय!"

मी अभिनंदन केलं. पण खरं सांगायचं, तर पोटात दुखलं. चौतीस वर्षं खडू खाल्ला मी, आणि पाण्यावरचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवस. तोही उलट्या करत. आणि हा, सनावळ्यांची पाठांतरं माझ्या वहीतून बघून करणारा, निळा ब्लेझर घालून जहाजावर इतिहास सांगणार!

पहिल्या फेरीहून तो पडेल चेहऱ्याने परत आला. हॉलच्या एका दाराबाहेर तांबोळा होता, दुसऱ्या दाराबाहेर डोशाचा काउंटर. तव्यावर चर्र झालं की एक रांग उठायची.

"राजे-महाराजे सांगून भागत नाही रे. ते लोकांना शाळेतच भेटून गेलेत. मला एखादा साधा माणूस दे. खलाशी वगैरे. तुझ्या कागदपत्रांत असेल ना एखादा?"

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "आहे ना. भिवा तांडेल."

असा कोणी नव्हता. कप खाली ठेवेपर्यंत मी त्याला तयार केला. कोकणातला गरीब माणूस, साहेबाच्या जहाजावर खलाशांचा मुकादम. वादळात जहाज भरकटतं, धुक्यात काही दिसत नाही, आणि हा भिवा नुसत्या चिखलाच्या वासावरून माझगावचा किनारा ओळखतो. जहाज वाचतं. कप्तान खूश होऊन म्हणतो, माग काय हवं ते. शेवट काय करावा ते मला सुचेना. मग सुचलं. भिवा म्हणतो, "काही नको साहेब. तुमच्या वहीत माझं नाव लिहा."

प्रभ्या माझ्याकडे बघत राहिला. "लिहिलं?"

"लिहिलं," मी म्हणालो. "म्हणून तर आपल्याला ठाऊक."

मला वाटलं होतं, जहाजावर एखादा जाणकार भेटेल, प्रभ्याची फजिती होईल आणि तो ब्लेझर कपाटात जाईल. झालं भलतंच. दुसऱ्या फेरीहून आला तो फुललेला. "डोसेवाला स्वतः आत येऊन उभा राहिला, मास्तर! तवा बंद करून!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत पाच वर्षं गेली. तेवढ्यात भिवाचा संसार वाढला. त्याला बायको झाली, कपाळावर खोक पडली, मग खोकला लागला.

"खोकला कुठल्या कागदात मिळाला तुला?" मी विचारलं.

"कागद कशाला? अशा माणसांना असतोच."

पावसाळ्यात जहाज बंद असतं. त्यामुळे नारळी पौर्णिमेला प्रभ्या घरी असतो. पहिल्याच वर्षी तो नारळ घेऊन दारात उभा. "चल, चौपाटीवर जाऊ. भिवाच्या नावाने सोडू. त्याच्या मागे कोण आहे सोडायला?" मी त्याच्या चपला धरून वाळूत उभा राहिलो. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला, हात जोडून काहीतरी पुटपुटला, नारळ सोडला. मला हसू आवरेना. दुसऱ्या वर्षी हसू आलं नाही. पाचव्या वर्षी मला त्या चपला जड झाल्या.

यंदा आमच्या गल्लीतल्या वाचनालयाने त्याला बोलावलं. जहाजावरच्या भाषणांची कीर्ती एकदाची गिरगावात पोचली होती. दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'विसरलेला दर्यावर्दी: भिवा तांडेल. वक्ते प्रभाकर मोंडकर.' त्याखाली अध्यक्ष म्हणून माझं नाव.

"सर," ग्रंथपाल कुंदाताई म्हणाल्या, "मोंडकरकाका म्हणतात की साधन तुमच्याकडचं आहे. ग्रंथांची नावं द्या ना, पत्रिकेत छापू."

मी घरी जाण्याऐवजी थेट चौदाव्या मजल्यावर गेलो. प्रभ्या आरशासमोर भाषणाची तालीम करत होता.

"प्रभ्या, भिवा तांडेल नव्हता."

"तांडेल नव्हता? मग त्याच्या वरचा, सारंग होता? बरं झालं सांगितलंस, बदलतो."

"तसं नव्हे रे. तो नव्हताच. मी बनवला. चहा पिता पिता."

तो आरशातच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "खरा सांगतंस?" पन्नास वर्षांत मी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती.

"खरं."

"मग मी पाच नारळ सोडले कोणाला?"

तो खुर्चीत बसला. मला वाटलं, आता हा मला बाहेर काढेल. काढायलाच हवं होतं.

"माझे बाबा शिपिंगमध्ये होते, असं मी सांगायचो. आठवतं?"

"हो. तू आठ वर्षांचा असताना गेले."

"ते आगवाले होते. बोटीच्या तळाला, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. सगळं जग फिरले, पण बंदर एकही धड बघितलं नाही. खोकला लागला होता. वाटेतच गेले, तिकडेच समुद्रात सोडलं त्यांना. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. एक आगवाला मयत, एवढंच. नावाची जागा कोरी." तो माझ्याकडे वळला. "तुझा भिवा म्हणाला ना, वहीत माझं नाव लिहा, तेव्हा मला वाटलं, कोणीतरी एकाने तरी मागितलं."

मी म्हणालो, "भाषण रद्द करू. मी कुंदाताईंना सांगतो."

"छे. फळ्यावर नाव लागलंय."

वाचनालयाचा हॉल भरला होता. मी अध्यक्षाच्या खुर्चीत, मांडीवर गुच्छ घेऊन. ठरवून गेलो होतो, की आधी मी उठून खरं काय ते सांगायचं. पण प्रभ्या माझ्याआधीच उभा राहिला.

"मित्रहो, भिवा तांडेल नावाचा माणूस कधी नव्हता. मी एक ऐकीव गोष्ट न तपासता पाच वर्षं खपवली. चूक माझी. आमच्या अध्यक्षांचा याच्याशी काही संबंध नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मी उठायला हवं होतं. गुच्छ खाली ठेवून उठायला किती वेळ लागतो? मी बसून राहिलो.

"जो होता, त्याचं नाव सांगतो," प्रभ्या म्हणाला. "सखाराम बाळा मोंडकर. आगवाला." आणि तो बोलत गेला. कोळशाचं फावडं किती जड असायचं. बाबा सुट्टीवर आले की आईला नखं दाखवत नसत, मुठी मिटून जेवायला बसत. मग आईच त्यांना भरवायची आणि चाळ हसायची. ना स्लाइड, ना ब्लेझर. दहा मिनिटांत संपलं. टाळ्या वाजवाव्यात की नाहीत, ते कोणाला कळलं नाही.

सखाराम मोंडकर लोक विसरले. भिवा लक्षात राहिला. इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे आता प्रभ्याला विचारतात, "काय काका, नवीन कोण बनवलात?" मुलंसुद्धा थाप मारणाऱ्याला 'भिवा मारू नको' म्हणतात. प्रभ्या हसतो. मीही शेजारी उभा राहून महिनाभर हसलो.

परवा शेवटी त्याला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

तो फेरीवर निघाला होता, बॅग भरत होता. मान वर न करता म्हणाला, "अरे, माझं काय? दर सोमवारी माझ्यासमोर नवीन माणसं असतात. शुक्रवारी उतरून जातात, कोणी माझं नावही विचारत नाही. तुला इथे रस्त्यात अजून लोक सर म्हणतात. तेवढं राहू दे म्हटलं."

जे मला सर म्हणतात, ते सगळे हे मासिक वाचतात. म्हणून इथेच लिहितो आहे. भिवा तांडेल मी बनवला. प्रभाकर मोंडकर खोटं बोलला तो एकदाच, वाचनालयात, माझ्या शेजारी उभा राहून.