रंगरावांचा मोकळा बाजार

वारंगा फाट्यावर रंगरावांच्या हॉटेलात एक पाटी आहे: 'येथे कोणताही नियम नाही.' त्याखाली बारीक अक्षरात नियम आहेत. बाकावर पाय घेऊ नयेत, बशीत विडी विझवू नये, चहाला नावं ठेवू नयेत. मी रोज तिथे गाडी बदलतो आणि रोज ती पाटी वाचून हसतो.

"हसता काहून?" रंगराव गुरगुरतात. "नियम कपाला पाहिजे, पिनाऱ्याला न्हाई." कप धुतलेला हवा, दूध चोख हवं. मग माणसानं चहात मीठ टाकून प्यावं, मर्जी त्याची. सरकारनं कुठे लक्ष घालावं आणि कुठे घालू नये, हे ते गाडी येईपर्यंत मला समजावतात. मी सरकारी कारकून, त्यामुळे सरकारच्या वाटची बोलणी मलाच खावी लागतात.

मग रस्त्यापलीकडे तांड्यावरच्या सुमनबाईनं चहाची टपरी टाकली आणि रंगरावांचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे वळलं. फाट्यावरच्या दुकानदारांनी रंगरावांच्याच हॉटेलात बैठक घेतली. ठराव तयार होता: फाट्यावर चहाचं दुकान एकच. सुमनबाई दाराशी उभी होती. टपरी उठली तर तिला पुन्हा ऊसतोडीला जावं लागणार होतं. मला वाटलं, आता आमच्या तत्त्वज्ञांची बोबडी वळणार.

"तिचं दूध तपासा, कप तपासा," रंगराव म्हणाले. "बराबर नसलं तर खुशाल उठवा. पण चहा कोनाचा प्यायचा, हे ठरवनारे तुमी कोन?"

"अवो, धंदा तुमचाच बसून राहिला," शेजारचा पंक्चरवाला म्हणाला.

"बसू द्या. जबरदस्तीनं पाजलेला चहा मला गोड लागंल व्हय?"

ठराव बारगळला. तपासणीचं काम मात्र रंगरावांनी स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी ते आपलं हॉटेल टाकून टपरीवर जातात, कप उजेडात धरून पाहतात, सावकाश चहा पितात आणि पैसे देऊन परत येतात.

परवा मी तिथे जाऊन त्यांना छेडलं. "रंगराव, कप अजून पास झाला नाही का?"

"कप पहिल्याच दिवशी चोख व्हता, साहेब," ते हळूच म्हणाले. "पण बायको वारल्यापासून समद्या फाट्याला मीच पाजून राहिलो. मला कोनी 'घ्या' म्हनलं नव्हतं."

तेवढ्यात सुमनबाईनं न विचारता त्यांच्यापुढे आणखी अर्धा कप ठेवला. "घ्या, दादा."

रंगरावांनी तो उजेडात धरलाच नाही.