शेपटीची शिरोरेषा

बाळांनो, असा एक माऊस मनात आणा, जो हळूच सरकवला की उधळतो आणि जोरात ढकलला की गोगलगाय होतो. आला डोळ्यांसमोर? आता त्याच माऊसने तुम्हाला मांजराची शेपटी काढायची आहे, आणि तीही समोरचे दुकान बंद व्हायच्या आत. जमेल? अनुस्वारच्या आईलाही जमले नाही.

अनुस्वार हे काही मुलीचे खरे नाव नव्हे. तिचे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवत. नात जन्मली ती टिंबाएवढी, आणि बसता येऊ लागल्यापासून सगळ्यांच्या डोक्यावरच बसली. म्हणून त्यांनी हे नाव ठेवले. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला. सरळ रेघ ओढायला जावे, तर तिच्या लाटा होत. एके दिवशी त्यांनी ब्रश स्वच्छ धुतले, डब्यात उभे केले आणि पुन्हा हातात घेतले नाहीत. पाट्यांचे काम आईने संगणकावर सुरू केले.

त्या दिवशी पाटी होती ‘प्राण्यांचा दवाखाना’. आईने अक्षरांना शिरोरेषाच दिली नव्हती. एका टोकाला मांजर बसवायचे आणि त्याची लांब शेपटी हीच सगळ्या अक्षरांची शिरोरेषा, अशी तिची कल्पना होती. शेपटी तेवढी उरली होती. दवाखाना उद्या उघडणार होता आणि समोरचा पाटीवाला अक्षरे कापायचे यंत्र चालू ठेवून वाट पाहत होता.

बाबा बस चालवत. त्यांची आज सुट्टी होती, आणि घरात सुट्टीवरचा ड्रायव्हर म्हणजे दुरुस्तीला निमंत्रण. आई चहा टाकायला उठली तसे ते खुर्चीत बसले.

“ह्या माऊसला पिकअपच नाही,” ते म्हणाले. “बघ ना, पडदाभर जायला तीनदा उचलून ठेवावा लागतो.”

संगणक जुना होता. तो फार रेंगाळतो म्हणून मामाने त्यात लिनक्स नावाची हलकी यंत्रणा घालून दिली होती आणि जाता जाता म्हणाला होता, “ह्यात सगळं आपल्या मनासारखं बदलता येतं.” हे वाक्य बाबांच्या देखत बोलायला नको होते. हात किती वेगाने हलला की पडद्यावरचा बाण किती पळावा, हेही आकड्यांनी ठरवता येते, असे त्यांनी मोबाईलवर वाचले. पहिला आकडा अगदी हळू हाताचा, मग पुढचे वाढत्या वेगाचे.

“अगं, हे तर गिअर!” बाबांचा चेहरा उजळला. “गाडी जागेवरून हलवायला ताकद जास्त लागते. म्हणून पहिल्या गिअरला मोठा आकडा, आणि मग कमी कमी करत जायचं.”

“बाबा, पण माऊसला कुठे प्रवासी चढवायचेत?” अनुस्वारने विचारले.

“तू गप बस. पुन्हा चालू केल्यावरही हेच राहील असं करून ठेवतो. काम कसं पक्कं पाहिजे.”

चहा घेऊन आई बसली. तिने नेहमीसारखा हात अलगद हलवला. बाण मांजराच्या कानापासून निघाला तो थेट भिंतीला भिडल्यासारखा कोपऱ्यात. तिने घाबरून माऊस झटकन मागे ओढला. बाण जागचा जेमतेम हलला.

“अहो, काय केलंत?”

“पिकअप दिलाय!”

संगणक बंद करून पुन्हा चालू केला. काम खरोखरच पक्के झाले होते. बाण पुन्हा तसाच उधळला.

“आधीचे आकडे काय होते?”

“ते कशाला बघायचे? ते बदलायचेच होते ना!”

मामाला फोन लावला. तो गाडीत होता. घरी पोचलो की सांगतो म्हणाला. बाबांनी नवे आकडे घालून पाहण्याची तयारी दाखवली, तेव्हा आईने नुसते त्यांच्याकडे पाहिले. ते खुर्चीपासून दोन पावले मागे सरले.

“सरळ रेघ ओढायचं बटण असतं की,” ते लांबून म्हणाले.

“मग ती शेपटी नाही, काठी दिसते. मांजर काय काठीवर बसवू?”

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “ताई, झालं का? नाही, घाई नाही. पण शेपटीशिवाय नको हं पाठवू. लोक म्हणतील, ह्या बाईनेच कापली.”

आईने फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. एवढा वेळ खिडकीशी बसलेले आजोबा आपला कप घेऊन आले. कप ठेवायला जागा हवी, म्हणून त्यांनी माऊस बाजूला सारला. हात थरथरत होता. पडद्यावर मात्र बाण संथ, एका लयीत सरकला.

अनुस्वारने ते पाहिले. “आजोबा, परत करा!”

“काय परत करू? मी काय घेतलं?”

“अहो, माऊस परत सरकवा!”

पुन्हा तेच. आजोबांचा हात कधी शांत नसेच. झटपट, बारीक थरथर त्यात सतत चालू असे. आणि बाबांच्या गिअरमध्ये झटपट हाताला सगळ्यात छोटा आकडा होता. कंप माऊसपाशीच जिरत होता आणि बाणापर्यंत पोचत होती फक्त आजोबांची चाल.

“अण्णा, बसा,” आई आजोबांना हळूच म्हणाली. “शेपटी तुम्ही काढा.”

“मी? पाटीची गटार करीन गं.”

“करा. मी पुसेन.”

आजोबा बसले. त्यांनी श्वास रोखला, पूर्वी ब्रश टेकवताना रोखत तसा. रेघ मांजराच्या पाठीतून निघाली, ‘प्रा’वरून ‘ण्यां’वर गेली, शेवटच्या ‘ना’पाशी पोचली आणि टोकाला किंचित वळली. पुसावे असे तिच्यात काही नव्हते. आजोबा ती रेघ पुन्हा पुन्हा न्याहाळत राहिले. त्यांचा चहा गार झाला.

“बघितलंस?” बाबा छाती फुगवून म्हणाले. “मी म्हटलं होतं, पिकअप पाहिजे!”

“तुम्ही आधी ह्या पेनड्राइव्हवरची पाटी देऊन या. पळत जा. दुकान बंद होईल.”

बाबा पळाले. संध्याकाळी मामाचा फोन आला. “भावजी, घ्या लिहून बरोबर आकडे. दोन मिनिटांत पहिल्यासारखं होईल.” आजोबा लगबगीने खुर्चीवरून उठले. “हो हो, सुनेचा माऊस सरळ करा आधी. माझं आपलं झालं.”

बाबा खुर्चीकडे वळले. पण खुर्चीत अनुस्वार बसलेली होती. “आईचे आकडे वेगळे ठेवा, हे वेगळे ठेवा. मामा म्हणालाय ना, सगळं मनासारखं करता येतं?” मग तिने माऊसवर हात ठेवला, तो मुद्दाम आजोबांसारखा थरथरवला आणि पडद्यावर सावकाश, एकही लाट येऊ न देता लिहिले: ‘आजोबाचा गिअर’. वाचून पाहिले. काहीतरी चुकले होते. तिने पुन्हा हात थरथरवला आणि ‘बा’च्या डोक्यावर स्वतःला बसवले.