टेबलावरचे पत्र आणि अपुरा आवाज

ज्या सिनेमाचा शेवट आपल्याला ठाऊक नाही, तो पाहणे हा निव्वळ उतावळेपणा आहे. आमच्या घरात त्याला थारा नव्हता. बाबांनी (वजनमापे तपासणारे निरीक्षक, निवृत्त) एकच कृष्णधवल सिनेमा एकतीस वर्षे, दर रविवारी, दुपारी चार वाजता पाहिला.

त्यांच्या शेवटच्या रविवारीही सर्व काही नियमानुसार पार पडले. कथा पाठ असली तरी नायिका रडताच धक्का बसणे सर्वांना बंधनकारक होते. नटाच्या आधी संवाद म्हणण्याचा अधिकार फक्त बाबांना. गाणे लागले की आईने चहा टाकायचा. (गाण्यातच नायक-नायिकेचे लग्न होते, हे आईला अजून माहीत नाही. पुढे ती दोघे एका घरात राहतात याबद्दल ती दर आठवड्याला नाराजी नोंदवते.)

सर्वांत महत्त्वाचे कलम पत्राचे. नायिका टेबलावर पत्र ठेवून जाते. नायक येतो, टोपी उचलतो आणि पत्राकडे न बघता चालू लागतो. मग सव्वा तास सगळ्यांचे हाल. त्या क्षणी आई-बाबा उठून ओरडत, "अरे गाढवा, टेबलावर बघ!" सुमारे सोळाशे रविवार त्याने बघितले नाही. बाबांच्या मते दोष त्याचा नव्हता, आवाज कमी पडत होता. (एकदा त्याची मान किंचित हलली होती. आईचा दुजोरा आहे. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती.)

आवाज कमी पडण्याचे कारण मी. सिनेमावरची जाडजूड पुस्तके वाचलेली असल्याने मी ओरडत नसे.

"बाबा, चित्रीकरण होऊन साठ वर्षं झाली. आता तो कसा बघेल?"

"तू एकदा ओरडून तर बघ. तिघांचा आवाज त्याला ऐकू गेला नाही, तर नाव बदलेन मी."

"आज काम आहे हो मला, निघते. पुढच्या रविवारी नक्की."

"बरं. त्याला कुठे घाई आहे?" बाबा म्हणाले. "साठ वर्षं थांबलाय."

गुरुवारी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता बाबा गेले.

पुढच्या रविवारी चार वाजता आईने सिनेमा लावला. नायक आला. टोपीकडे हात गेला. आई माझ्याकडे बघत होती.

"ओरड ना गं. मी एकटी कुठे पुरणार?"

समंजस वाचक येथे म्हणतील, नट कधीच वारला, टेबल मोडीत गेले, ओरडून उपयोग काय? अगदी बरोबर. त्यांच्या घरी ज्यांना अजून ऐकू येते, त्यांच्याशीही बोलणे ते 'उपयोग काय' असाच विचार करून टाळत असावेत.

मी उठून उभी राहिले. नायकाने टोपी उचलली.

"बाबा," मी ओरडले, "त्या दिवशी मला काहीच काम नव्हतं!"