आवडाईच्या गालांचा भराव

एका जंगलात पाणवठ्यावर अर्जुनाचं एक उंच झाड होतं, आणि त्याच्या शेंड्यावर आवडाई नावाची म्हातारी वानरी बसायची. बसणं हेच तिचं काम होतं. बाळांनो, हसू नका. त्या बसण्यावर अख्खी टोळी जिवंत होती.

त्याचं कारण असं. टोळीतल्या पोरांना "वाघ, वाघ" म्हणून ओरडायची खोड होती. दिवसातून दहादा ओरडायची. त्यामुळे ओरडण्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. कुणी ओरडलं, की सगळे मान वर करून आवडाईच्या तोंडाकडे बघायचे. तिच्या कपाळावर एक आठी पडली तर कोल्हा. दोन पडल्या तर बिबट्या. आणि सगळा चेहरा सुकलेल्या आवळ्यासारखा गोळा झाला तर वाघ. मग खालची हरणंसुद्धा पळत सुटायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आणि वाघ अगदी रोडावला होता.

टोळीचा म्होरक्या होता धोंडाजी. त्याला पाण्यात स्वतःला बघायचा नाद लागला. म्होरक्याला लागला म्हणून सगळ्यांना लागला. वानरं पाण्यावर जायची आणि तहानलेलीच परत यायची, कारण पाण्याला तोंड लावलं की चेहरा मोडतो.

एके दिवशी धोंडाजीला पाण्यात आपल्या डोक्यावर आवडाईही दिसली. बसलेले गाल, डोळ्यांखाली खड्डे, ओघळलेली हनुवटी. त्याने सभा घेतली. म्हणाला, शेंड्यावर जो बसतो तो टोळीचा चेहरा असतो. बाहेरच्या टोळ्या काय म्हणतील? आवडाईंच्या अनुभवाबद्दल आपल्याला आदरच आहे. पण पौर्णिमेपर्यंत काही सुधारणा झाली नाही, तर तिथे कुणीतरी टवटवीत बसवावं लागेल.

शेंड्याखेरीज आवडाईकडे होतं काय? उरलेलं आयुष्य खालच्या फांदीवर दुसऱ्यांच्या उवा काढत बसायचं?

बुंदी नावाची चितळ तिची जुनी मैत्रीण होती. ती म्हणाली, "तुझ्या सुरकुत्या बघून मी चार पाडसं वाढवली गं. त्यांना हात लावू नकोस."

"तुला बोलायला काय जातंय? तुझी जागा कुणी मागत नाहीये," आवडाई म्हणाली.

आणि ती कुंभारीण माशीकडे गेली. कुंभारीण म्हणजे मातीची इवलीशी मडकी करून त्यात घर करणारी माशी, तुम्ही खिडकीत पाहिली असेल. हिने खडकाच्या कपारीत दवाखाना थाटला होता. दारात एक सुकलेलं जांभूळ आणि एक रसरशीत जांभूळ टांगलं होतं. पहिल्याखाली लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. शेजारी पाटी होती : कापाकापी नाही, टाके नाहीत, दुपारच्या डुलकीत नवे गाल.

दुखेल का, असं आवडाईने विचारलं. किंचित टोचल्यासारखं वाटेल, असं कुंभारीण म्हणाली. डंख असलेले सगळे असंच म्हणतात.

तिने प्रत्येक गालात सात डंख मारले, कपाळात पाच. ओठांना दोन फुकट दिले. संध्याकाळपर्यंत आवडाईचे गाल बेलफळासारखे टम्म झाले. तिने आठी घालून पाहिली. कपाळ जागचं हललं नाही.

टोळीत कौतुकच कौतुक झालं. धोंडाजी स्वतः वर चढून आला आणि तू तुझ्या लेकीसारखी दिसतेस, असं म्हणाला. लेकीला ते आवडलं नाही. पण शेंडा वाचला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाघ आला.

धोंडाजी पाण्यावर वाकून मिशा न्याहाळत होता. त्याच्या मागच्या बांबूत आवडाईला पट्टे दिसले. ती ओरडली. रिवाजाप्रमाणे धोंडाजीने मान वर केली. वर एक गोल, गुळगुळीत, तृप्त चेहरा होता. आवडाई पुन्हा ओरडली. तिने दोन्ही हातांनी गाल धरून चुरगळले, पण ते सोडल्याबरोबर परत फुगले. बुंदी मात्र पळाली, कारण आवडाईला तिने जन्मात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"धोंडाजी, वाघ आहे मागे. मी खरंच घाबरलेय रे."

"दिसत तर नाहीस," धोंडाजी कौतुकाने म्हणाला, आणि परत पाण्यावर वाकला.

हे त्याचे शेवटचे शब्द.

शोकसभा झाली. आवडाई उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा सणासारखा उजळ होता. ती म्हणाली, माझं चुकलं. जागेच्या लोभाने मी माझं तोंड बंद करून घेतलं. यापुढे शेंड्यावर कुणीही बसो, त्याचा चेहरा त्याचा त्याला ठेवू द्या.

सगळ्यांनी अगदी मन लावून ऐकलं. मग चंपू नावाची तरुण वानरी हळूच म्हणाली, "आवडाई, एवढं रडूनसुद्धा डोळ्यांखाली काही दिसत नाही. कुठे केलंत?"

दुसऱ्या दिवशी कुंभारणीच्या दारात रांग लागली. तिने माहेरच्या तिघींना बोलावून घेतलं.

महिनाभराने आवडाईची सूज उतरली. आठ्या परतल्या, आणि पहिल्याच दिवशी एक आठी पाहून दोन वानरं दचकली. तेव्हा सभेने ठराव केला की, हा चेहरा समाजात भीती पसरवतो. आवडाईला खालच्या फांदीवर पाठवण्यात आलं. शेंड्यावर चंपू बसली. ती कोल्ह्याकडे, बिबट्याकडे आणि वाघाकडे सारख्याच प्रसन्नपणे बघते. बुंदी आपली पाडसं घेऊन नदीपलीकडे निघून गेली.

टोळीत आता एकाच्याही तोंडावर सुरकुती नाही. टोळीही तशी लहानच उरली आहे. आणि वाघाचे गाल, कुठलाही उपचार न घेता, छान भरले आहेत.

तात्पर्य : म्हातारपणाची चिन्हं चेहऱ्यावर कधीही दिसू देऊ नयेत. म्हणजे म्हातारपण येत नाही. त्याच्या आधी वाघ येतो.